गुंडूची मोगरी सिनेमात जाते

शिवाजी पेठेतला दूधवाला गुंडू सासुरवाडीच्या एका लग्नाला वेळेवर पोचला असेल तर शपथ! पण मोगरी म्हशीच्या शूटिंगला गडी पहाटे पाचलाच अंघोळ करून, अत्तर लावून तयार. बायको अंबूबाईनं विचारलंच, "मुंडावळ्या बांधू काय?"

प्रकरण असं. अभिराम नावाचा एक तरुण दिग्दर्शक पोरांचा सिनेमा काढत होता. एका मुलीची जंगलातल्या झिपऱ्या प्राण्याशी दोस्ती होते, एवढीच गोष्ट. प्राण्याच्या कामाला त्यानं मोगरी निवडली. झालं! गुंडूनं त्याच संध्याकाळी चौकात मोगरीच्या अभिनंदनाचा भलामोठा डिजिटल बोर्ड लावला.

पन्हाळ्याखालच्या झाडीत मोगरीला सुतळीच्या झिपऱ्या चढवल्या. आठ वर्षांची मधुवंती पुढं चालणार, प्राणी मागून येणार. मधुवंती चालली; मोगरी जागेवरच रवंथ करत उभी. पाच वेळा तेच.

"म्हैस रद्द!" अभिराम वैतागला. "प्राणी कॉम्प्युटरवर करू."

गुंडूनं हात जोडले. "असं नगा करू सायेब! बोर्ड लागलाय की वो. पेठेत तोंड कसं दावू?"

आता आतली गोष्ट सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून पळवतात, पुढं मालक फटफटीवर. गुंडूनं मोगरीला वर्षभर तेवढंच शिकवलेलं. फटफटी वाजली की निघायचं. माणसामागं चालायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

गुंडूनं झुडपाआड फटफटी सुरू केली. मोगरी उधळली ती थेट झुडपात, जाताजाता कॅमेऱ्यावरची छत्री शिंगात घेऊन. सगळं युनिट झाडांवर. मधुवंती मात्र पोट धरून हसत होती.

"काका, हिला फटफटी हवी का?" तिनं गाल फुगवले. "फट-फट-फट-फट!"

मोगरीनं कान टवकारले. पोरगी फटफटत वाटेला लागली आणि म्हैस तिच्यामागं, नव्या सुनेसारखी खाली मान घालून. अभिराम फांदीवरूनच ओरडला, "कॅमेरा! अरे, कॅमेरा चालू करा!"

शॉट पास झाला. आनंदाच्या भरात गुंडू मोगरीच्या पाया पडायला मागून वाकला, आणि त्या गुणी नटीनं त्याला सणसणीत लाथ घातली.

आठवडाभर लंगडत रतीब घालत होता. कुणी विचारलं, की छाती काढून सांगायचा, "स्टंट करताना लागलंय, पावणं."