रागीविना पंधरा दिवस

बंगळूरच्या येलहंक्यातल्या आमच्या शेजारच्या पद्मनाभअण्णांचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. जन्म सांगलीचा, पस्तीस वर्षं नोकरी विमानांच्या प्रयोगशाळेत. मोजल्याशिवाय चहात साखरही घालत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी, श्यामलाअक्का, वारल्या. तेव्हापासून मुलगी वेदिका त्यांना पुण्याला बोलावते आहे. अट एकच, रागीला आणायचं नाही. तिच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. रागी म्हणजे नाचणीच्या रंगाची गावठी कुत्री, दोन वर्षांपूर्वी आपणहून फाटकाशी येऊन बसलेली. अण्णांना पेच पडला. कुत्र्यामुळे माणसाचं मन थाऱ्यावर राहतं असं त्यांनी वाचलं होतं, पण लोक काय, काहीही लिहितात. म्हणून त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं.

पंधरा दिवस रागीसह, पंधरा दिवस रागीविना. दोन वेळा रक्तदाब, झोपेचे तास आणि मनाला दहापैकी गुण. फरक पडला तर इथेच राहायचं, नाहीतर पुणे. दुसऱ्या पंधरवड्यासाठी रागी माझ्याकडे आली. मला हसू येत होतं, पण कुतूहलही होतं. म्हटलं, बघू तरी काय निघतं.

निघालं काहीच नाही. महिनाअखेर अण्णा आलेखाचा कागद घेऊन आले. दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच.

"फरक शून्य," ते म्हणाले. "सामान बांधायला घेतो, हर्षिता. आकड्यांपुढे माझं काय चालणार?" चेहरा पार उतरला होता. रागी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडली होती.

मला रागच आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "स्वल्प थांबा, अण्णा. या पंधरा दिवसांत रोज कितीदा आलात तुम्ही आमच्याकडे?"

"निरीक्षणाला. नवीन जागी ती नीट खाते का, ते बघायला नको?"

"सकाळी तिचं दूध घेऊन, दुपारी पेपर वाचायला, संध्याकाळी तिला फिरवायला. रविवारी तर इथंच सोफ्यावर तिच्याशेजारी झोपलात. तिच्याविना राहिलात कधी?"

अण्णांनी आलेखाच्या कागदाची घडी घातली. "म्हणजे प्रयोग झालाच नाही की," ते पुटपुटले.

"सरी, ठीक आहे, मग पुन्हा करा. या खेपेला मी दार उघडणार नाही."

त्यांनी खरोखर विचार केला. कॅलेंडर बघितलं, बोटांवर दिवस मोजले. मग रागीच्या कानामागे खाजवत हळूच म्हणाले, "नको. मला नाही जमायचं."

आणि इथेच राहणार, हे सांगायला वेदिकाला फोन लावला.