काकांच्या बॅटी आणि कमिटीचा साचा

"नियमात कुठं लिहिलंय, सर?" हातातला रंधा खाली ठेवून, लाकडावरचा भुसा फुंकत काका विचारायचे. त्यातला निम्मा भुसा माझ्या शर्टावर यायचा. बुधवारा पेठेत त्यांचं दुकान आमच्या घराला लागून, आणि टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या कमिटीचे नियम लिहायचं काम माझ्याकडे. तुम्हीच सांगा, असं शेजारपण कोणाला परवडेल?

काका बॅटी बनवायचे. त्यांची बॅट नुसती टेकवली तरी चेंडू मैदानापलीकडच्या केळीच्या बागेत जायचा. केळीत गेलेला चेंडू काही सापडत नाही. गोलंदाज रडकुंडीला यायचे आणि बागेचे मालक पाटील काठी घेऊन बांधावर उभे. म्हणून मी बॅटीच्या जाडीचा नियम लिहिला, तर काकांनी तिची रुंदी वाढवली. मी रुंदी लिहिली, तर त्यांनी पाठीमागून लाकूड कोरून काढलं. बॅट इतकी हलकी झाली की चेंडू आणखी लांब जाऊ लागला. मी हात टेकले.

टेपने मोजताना रोज भांडणं व्हायची. मग ठरलं, लाकडाचा साचा करायचा. त्याच्या खाचेतून पार जाईल तीच बॅट चालेल. आता असा साचा करणार कोण? आम्ही शहाणी मंडळी ते काम काकांकडेच देऊन आलो.

स्पर्धेच्या दिवशी काकांच्या सगळ्या बॅटी साच्यातून सुळकन पार झाल्या. अध्यक्षांच्या मुलाने इंदूरहून आणलेली महागडी बॅट मात्र मधेच अडकली. ओढूनही निघेना. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे पाहिलं, आणि काका असीरगढ किल्ल्याच्या दिशेला पाहत उभे राहिले.

पुढच्या वर्षी स्पर्धेचे चेंडू हिरव्याचे लाल झाले आणि इंदूरहून लोखंडी साचा आला. त्यातून काकांची एकही बॅट जाईना; अध्यक्षांच्या मुलाचीही पुन्हा अडकली. पोरं गुपचूप दुसऱ्या बॅटी शोधू लागली. गावच्या मैदानात आता आपली बॅट दिसणार नाही, हे काकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. ते दुकानात गेले आणि रंधा घेऊन परत आले. मैदानावरच्या मांडवात फतकल मारून त्यांनी एकेक बॅट तासली आणि साच्यातून काढून दाखवली. अध्यक्षांच्या मुलाचीसुद्धा.

"काका, आता काही चेंडू केळीत जात नाही," मी म्हणालो.

"जाईल, सर. देखते रहो."

तेव्हापासून स्पर्धा सुरू असली की रोज संध्याकाळी ते बांधावर जाऊन पाटलांना विचारायचे, आज एखादा आला का? पाटील मोठ्या समाधानाने मान हलवून नाही म्हणायचे. काका तसेच पाय ओढत घरी यायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेराव्याला पाटील टोपलीभर चेंडू घेऊन आले. बागेतली जुनी केळी काढताना सापडलेले, मातीने माखलेले. सगळे हिरवे, आणि एक लाल.

"हा कधी आला?" मी विचारलं.

"लोखंडी साचा आला त्याच वर्षी, सर. मीच मातीत लपवला," पाटील टोपलीकडे बघत म्हणाले. "सांगितलं असतं तं काका फिर से चालू झाले असते."

एवढं बोलून पाटलांनी तो चेंडू धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसला आणि दुकानात काकांच्या रंध्याशेजारी नेऊन ठेवला.