आत्याच्या वाट्याला आलेलं

घरात कुणी उपाशी असताना आमच्या आत्यानं कधी तोंडात घास घातला नाही. मेंढरांमागं भटकण्याच्या दिवसांतली ही सवय. पुढं तळेगाव ढमढेऱ्याजवळ शेती झाली, पक्कं घर झालं, तरी ती सुटली नाही. मला रांजणगावच्या कंपनीत ओव्हरटाइम लागला की ही बाई भाकरी झाकून बसलेली. रागावलं तर म्हणायची, "एकटीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, बाबा."

माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ऐन चाळिशीत हार्ट अटॅकनं गेले. मला तिनंच वाढवलं. कंपनीच्या डॉक्टरांनी मला कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगितलं, तेव्हा तिचा चेहराच उतरला. रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं मी तिला सांगून ठेवलं. सकाळी बघतो तर चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नाही. चहाशिवाय जिचा दिवस उजाडत नाही, ती आत्या पदर खोचून जीपची वाट बघत उभी!

लॅबमधल्या पोरीनं मला विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?"

"व्हय, दोघंबी," आत्यानंच उत्तर दिलं.

पोरगी हसली. "मग आजी, तुमचंही रक्त घेऊन टाकू."

"घे की. म्हातारीच्या रक्तात काय घावायचंय?"

घावलं. माझा रिपोर्ट नॉर्मल आला, तिचं कोलेस्टेरॉल मात्र भलतंच वाढलेलं. माझ्या काळजात धस्स झालं आणि ही बाई खूश! आळीभर सांगत सुटली, "माझ्या भावाचं दुखणं पोरात न्हाई उतरलं, माझ्याकडं आलं. लई बरं झालं."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या ती घेईना. दुखणं घराण्यातलं, म्हणजे ते कुणाच्या तरी वाट्याला राहणारच, अशी तिची पक्की समजूत. "मी गोळी खाऊन माझं घालवलं, तर ते जाईल कुठं? घरात तू आन् मी, दुसरं हाय कोण?" मी ओरडलो, शपथा घातल्या, डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. ती मान डोलवायची आणि गोळी उशीखाली सरकवायची. असं वेडं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि माझ्यावर इतकी माया करणारंही.

गेल्या उन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता आत्या बसल्या जागी कलंडली, ती उठलीच नाही.

परवा मी पुन्हा रक्त तपासून घेतलं. "एकदम नॉर्मल आहे, दादा," त्याच पोरीनं हसून सांगितलं. मी बरं म्हटलं, बाहेर आलो आणि लॅबच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.