इरल्याखालचा निवडुंग

बोरघाट उतरताना मला वाटलं, आपल्याला झोप लागली आहे. दोन्ही बाजूंना हिरवं, त्यावर ढग, ढगांच्या आत पुन्हा हिरवं. आपल्या माणदेशात श्रावण लागला तरी धूळ उडत होती आणि इथे दगडांनाही गवत फुटलं होतं. शेजारचे प्रवासी खुशाल जांभया देत होते. मला त्यांचा राग आला.

गुरांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला असा राग येणारच. वैरण संपली की आपण फड्या निवडुंग जाळावर भाजून गुरांना घालतो, हे तुम्हाला काय सांगायचं? मोठे काटे जळतात, बारीक कुसळं राहतात. गेल्या वैशाखात माझ्याच गाईच्या, चंद्रीच्या, जिभेतून ती चिमट्यानं काढत बसलो होतो. पुढे मेहुण्याचं पत्र आलं. कल्याणजवळ ठाकुर्लीला यमुनाबाई म्हणून एक बाई राहतात, त्यांच्या अंगणात बिनकाट्याचा निवडुंग आहे, तू येणार हे त्यांना सांगून ठेवलं आहे. तीन दिवसांची रजा टाकून मी तो आणायला निघालो होतो.

कल्याणला उतरून रुळांच्या कडेनं चालत गेलो. माणूस बुडेल एवढं गवत वाऱ्यावर हलत होतं. बांधावर एक शेतकरी रिकाम्या हातांनी बसला होता.

"हे गवत कुणाचं?" मी विचारलं.

"कुनाचं म्हंजे? उगवलंय. पायजे तं न्या. पन आज नको, उद्या न्या."

आज का नको, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आपल्या गावची सगळी गुरं त्या गवतात शिंगांपर्यंत शिरलेली मला दिसत होती. मी किती वेळ तिथे उभा होतो कोण जाणे.

यमुनाबाईंचं घर रेल्वेच्या चाळीमागे होतं. अंगणात दगडगोट्यांचा उंचवटा, त्यावर कमरेइतका निवडुंग आणि निवडुंगाच्या डोक्यावर चक्क इरलं (शेतात पावसात पाठीवर घेतात ते बांबूचं, पानांनी शाकारलेलं आच्छादन). चार काठ्यांवर ते नीट बांधलेलं होतं. मी एका पानावरून तळवा फिरवला. जन्मभर निवडुंग पाहिला, पण त्याला असा हात लावायची ही पहिलीच वेळ. पान गार आणि गुळगुळीत होतं. मला भरून आलं.

त्या भरात मी पिशवीतून विळा काढला.

"आज?" मागून आवाज आला. पांढऱ्या लुगड्यातल्या, साठीच्या यमुनाबाई दारात उभ्या होत्या. "अहो, आज नागपंचमी. आज भाजीसुद्धा चिरायची नाही."

प्रवासात तिथीचं भानच राहिलं नव्हतं. आई असती तर तिनं पाठीत धपाटा घातला असता. मी ओशाळून विळा पिशवीत टाकला. "आता उद्यापर्यंत राहणं आलं. पाय धुवा," त्या म्हणाल्या.

जेवायला दिंडं होती (कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेली, या दिवशी तळणही वर्ज्य). त्यांवर तुपाची धार सोडत त्यांनी विचारलं, "नेऊन काय करणार त्याचं? बाग आहे का तुमची?"

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. "बाग नाही, काकू. वाढवायचा आणि कापून गुरांना घालायचा."

त्यांचा हात थांबला. यजमानांनी कुठल्याशा सरकारी शेतावरून एक पान आणून लावलं होतं. यजमान वारून आठ वर्षं झाली. तेव्हापासून दर ज्येष्ठात त्या नवं इरलं करून घेत होत्या, तरी दर पावसाळ्यात एखादी फांदी कुजायचीच. त्यावर कधी विळी चालली नव्हती. मग मी चंद्रीच्या जिभेचं सांगितलं.

"रडतात का हो गुरं?"

"डोळ्यांतून पाणी येतं, काकू."

त्या ताटं उचलू लागल्या. मला वाटलं, झालं, आता हात हलवत परत जायचं.

सकाळी उठून बाहेर आलो तर त्या भुरभुर पावसात अंगणात बसून विळीवर पानं सांध्यापाशी सोडवत होत्या. इरलं काढून भिंतीला टेकवलं होतं. अकरा पानं निघाली.

"एक तरी ठेवा," मी म्हणालो.

"नको. एक ठेवलं की पुन्हा इरलं आलं. कंटाळले हो मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि थोडं हसल्या. "यांना सांगायचं धाडस नव्हतं, एवढंच."

मी पिशवी उचलली, पण पाय निघेना. त्यांनीच मला हाताला धरून फाटकापर्यंत आणलं.

घाट चढून आलो, तसा हिरवा रंग मागे विरत गेला आणि आपलं स्वच्छ, कोरडं आभाळ दिसू लागलं. तुम्ही मंडळी हसाल, पण मला ते आवडलं. काकूंना आठ वर्षं ज्याला पावसापासून राखावं लागलं, त्याला हवी तशी जागा आपल्याकडे आयती पडली आहे.

लावण्याआधी पानांच्या कापलेल्या कडा सुकाव्यात म्हणून ती गोठ्याच्या सावलीत मांडली. मी पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात चंद्रीनं दावं ताणून एक पान ओढलं. बाहेर येऊन मी हाकलायला हात उचलला होता. पण निवडुंग म्हटला की ओठ मागे घेऊन दबकत तोंड लावणारी ती गाय या वेळी डोळे मिटून चघळत होती. मी हात खाली घेतला आणि तिथेच खाली बसलो.

काकूंना पत्रात उरलेल्या दहांचं नंतर लिहिलं. आधी या एकाचं लिहिलं.