महागूभाऊची 'नाई'

आमच्या टोलीतले किस्से मोहाच्या फुलांसारखे. आज सकारी वेचून टोपली भरा, उद्या सकारी झाडाखाली पुन्हा तेवढेच!

धानोऱ्याच्या जंगलात आमी थोडी घरं मिळून राहातो. मीठ सोडलं तं दुकानातून काई आणत नाई. भात आपला, तेल आपलं, भांडणंही आपलीच! कोणतीही गोष्ट ठरवाची तं पुनवेच्या मीटिंगमंदी सगळ्यांची 'हो' पायजे. शेवटी ज्याची गोष्ट त्यालेही विचारतात. एकाची 'नाई' आली का गोष्ट पुढच्या पुनवेवर.

पुण्याचा सुधीर इंजिनिअरची नोकरी सोडून आला. त्याले इथीच राहाचं होतं. पण सगळ्यांची 'हो' झाल्याबिगर नव्या माणसाले स्वतःचं घर बांधता येत नाई. तोवर तो महागूभाऊच्या घरी. बायको गेल्यापासून भाऊ एकटा. एकदाच चूल पेटवे, राती शिळं खाये.

*

मोहाच्या दिवसांत सुधीरनं झाडाखाली नेट बांधला. मले म्हणे, "आजी, वाकायचं टेन्शनच नको!" सकारी सगळी फुलं नेटात एका जागी जमा. आमच्या आधी गाय पोचली. सगळी फस्त करून दिवसभर झुलत फिरली!

भाऊ म्हणला, "पोट्ट्यानं गाईचे लय कष्ट वाचवले!"

*

पावसात धानाची रोपं लावतात तो रोवणा. तो मागं मागं सरत करतात. सुधीर पुढं पुढं चालला, आपलीच रोपं तुडवत. भाऊ बांधाच्या धुऱ्यावरून ओरडला, "अरे, रोवणा तू करून राह्यला का चिखलात घुसलेला हेला?"

*

पुनवेच्या मीटिंगमंदी सगळ्यांची 'हो', भाऊची 'नाई'. "मोह वाया घालवला."

रोवण्याच्या दिवसांतल्या पुनवेला, "रोवणा येत नाई."

सुधीर रोवणा शिकला. घरासाठी बांबूही कापून ठेवले. तरी भाऊची 'नाई'च!

"आता काऊन जी?" मी विचारलं.

"घोरते."

"अवो भाऊ, घोरते तं 'हो' म्हणा! आपल्या घरी जाऊन घोरन!"

भाऊ टोपी झटकत उठला. "पुढच्या पुनवेला पाहू."

*

मंग सुधीर मायले भेटाले पुण्याले गेला. त्या सांजी भाऊ वाटी घेऊन माह्या दारात. "बाई, भाजी जास्त झाली."

दुसऱ्या सांजी पुन्हा वाटी. तिसऱ्या सांजीही!

"रोजच कशी जास्त होते जी?"

"माप चुकते," म्हणे, अन् गेला.

*

सुधीर परत आला, पुनव आली. सगळ्यांची 'हो' झाली. महागूभाऊची पाळी. भाऊनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मंग हळूच म्हणला, "हो."

आमी टाळ्या वाजवल्या. पोट्ट्याच्या घराचं काम झालं! रीतीपरमानं शेवटी सुधीरले विचारलं.

त्यानं भाऊकडं पाह्यलं.

"माझी नाही."

"काऊन रे?" सगळे एकदमच!

"भाऊ घोरतात. पुढच्या पुनवेला बघू."

भाऊनं टोपी झटकली, डोक्यावर ठेवली.

"चाल," म्हणे, "भाजी थंडी होऊन राह्यली."