बाटलीची दुलई

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. त्याचा मेहुणा बोलत होता. "मास्तर, यासीनभाई गेले. सकाळी चहा पेता पेता. दुपारी जोहरच्या नमाजनंतर मिट्टी हाय, निघा." मी "हो हो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी पूर्ण निवडली. ते का केलं, हे मला आजही सांगता येत नाही. मग एसटी पकडली. अमरावतीत उतरल्यावर कबरस्तानाकडे जायचं सोडून पाय सवयीनं राजापेठेतल्या त्याच्या गॅरेजकडे वळले. शटर बंद. आता येईल, मग येईल, असं करत मी तिथं चांगला अर्धा तास उभा होतो. शेवटी शेजारचा पानवाला म्हणाला, "मास्तर, तुमी इथं काहून उभे? सारे तिकडं गेले ना!" मी पोचलो तेव्हा लोक हातावरची माती झटकत परत निघाले होते. शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याला मूठभर माती देणंसुद्धा माझ्याच्यानं वेळेवर झालं नाही.

घोळ घालणं हा माझा जुनाच गुण. पण या घोळानं मला झोपेत दचकवलं नाही, दचकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मला यासीनला काही तरी सांगायचं होतं. एका थंडीत त्यानं तीन महिने खपून आपल्या छोट्या गाडीला एक यंत्रणा बसवली, ती चालली नाही, आणि ती माझ्यामुळे चालली नाही. हे मी त्याला कधी बोललो नाही. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत केस पांढरे झाले... आणि आता सांगायला माणूस उरला नाही.

तो काळ वऱ्हाडातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची ती वर्षं. एरवी दिवाळीनंतर कापूस विकला गेला की यासीनच्या गॅरेजपुढे जीपगाड्या आणि ट्रॅक्टर रांग लावायचे. वर्षभर ढकललेली कामं लोक तेव्हा काढत. त्या साली रांग लागलीच नाही. कुणी ट्रॅक्टर विकून टाकला होता, कुणी जीप गोठ्यात लावून तिच्यावर कडबा रचला होता. यासीन सकाळी शटर उघडायचा, नट-बोल्टाचे पाने पुसून ओळीनं लावायचा आणि दुपारी तेच पाने पुन्हा पुसायचा. मी तेव्हा गॅरेजच्या वरच्याच खोलीत दहावीचे क्लासेस घेत होतो. क्लास सुटला की खाली येऊन त्याच्या समोर बसायचो.

अशात दुबईहून त्याचा मावसभाऊ आला आणि एक खोकं देऊन गेला. तिकडे कुणा शौकिनानं गाडीतून काढून टाकलेलं सामान. एक निळी बाटली, म्हणजे आपल्या घरच्या सिलिंडरची धाकटी बहीण म्हणा, बारीक नळ्या, दोन पितळी झडपा, एक लाल बटण आणि इंग्रजीतलं पुस्तक. पुस्तक वाचायला अर्थातच मास्तर. मी वाचून सांगितलं की बाटलीत नायट्रस ऑक्साईड भरायचा, एक्सलेटर पूर्ण दाबलेला असताना बटण दाबायचं, गॅस पेट्रोलबरोबर इंजिनात जातो आणि गाडी एकदम उसळी घेते. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तोच हा गॅस, यालाच हसवणारा वायू म्हणतात, हेही सांगितलं.

"म्हंजे गाडी हसन का बे?" यासीननं विचारलं.

"गाडी नाही हसणार. लोक हसतील तुला," मी म्हणालो.

पण त्याच्या डोळ्यांत काय चमकलं ते मी पाहिलं होतं. कुठली गाडी, असं विचारायचीही गरज नव्हती. त्याची पांढरी मारुती एटहंड्रेड. चौघे बसले आणि चढ आला की जिला दम लागायचा, ती. मला खरोखर राग आला. "यासीन, काय दिवस चालले आहेत, आणि तू गाडीला हसवणारा गॅस लावून राहिला?" तो शांतपणे म्हणाला, "मंग काय करू? बसून राहू? बसलं का डोकं फिरते, मास्तर. तुले पोट्टे हायेत शिकवायले. माहे हात रिकामे हायेत." दुसऱ्या दिवसापासून मीच पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसू लागलो, हेही खरं. राग कुठं गेला, विचारू नका.

ती थंडी आम्ही अशी काढली. हवेच्या नळीला भोक कुठं पाडायचं यावर आठ दिवस वाद. बाटली डिक्कीत आडवी बसवायची तर पट्ट्या कुठून आणायच्या यावर आणखी आठ. यासीनचा हात सोन्यासारखा होता. ट्रॅक्टरच्या जुन्या सीटची पट्टी कापून त्यानं बाटलीला अशी पकड केली की गाडी उलटी झाली तरी ती हलली नसती. बाटली त्यानं अकोल्याहून एका ओळखीच्या गॅसवाल्याकडून भरून आणली. या उद्योगाचं कारण मात्र तो प्रत्येकाला वेगळं सांगायचा. चहावाल्याला म्हणाला, परतवाड्याच्या जीपवाल्यांना मागं टाकायचं आहे. बायकोला म्हणाला, तुले चिखलदऱ्याच्या घाटात एका दमात वर नेतो. मला म्हणायचा, "पाहू तं खरं."

पुस्तकात एक सूचना होती. बाटली थंड पडली तर दाब कमी होतो, म्हणून ती कोमट राहिली पाहिजे. ती तापवायची विजेची पट्टी खोक्यात नव्हती. हे मी मोठ्यानं वाचत असताना मागे यासीनचे वडील उभे होते. करीमचाचा. जातीचे पिंजारी. अर्ध्या अमरावतीच्या गाद्या आणि दुलया त्यांनी भरलेल्या. पण आता कापूस पिंजायला यंत्रं आली होती, लोक फोमच्या गाद्या घेत होते, आणि चाचांचं पिंजण, कापूस पिंजायचं ते धनुष्यासारखं अवजार, खुंटीला टांगलेलं होतं. चाचा म्हणाले, "बेटा मास्तर, थंडीच वाजते ना तिले? मंग दुलई करू. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी कितीतरी वर्षांनी ते पिंजण खाली उतरलं. गॅरेजच्या मागच्या ओसरीवर त्याच्या ताणलेल्या तांतीचा टंग टंग आवाज सुरू झाला तेव्हा माझा वरचा क्लास आपोआप थांबला आणि पोरं खिडकीत गोळा झाली. चाचांच्या पांढऱ्या दाढीवर कापूस बसला होता आणि ते स्वतःशीच हसत होते. दोन दिवसांत त्यांनी बाटलीच्या मापाची दुलई शिवली. बाहेरून लाल खारव्याचं जाड कापड, आत नवा कापूस, आणि बाळाच्या झबल्याला लावतात तसे बंद. यासीननं ती बाटलीला नेसवली आणि आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

आता माझी अक्कल ऐका. त्याच आठवड्यात मी पोरांना उष्णतेचे दुर्वाहक शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं होतं, लोकर, कापूस, भुसा. बर्फ भुशात का ठेवतात, हेही समजावून सांगितलं होतं. आणि एका वाक्याच्या मध्येच मी थांबलो. दुलई माणसाला ऊब देते, कारण माणूस आतून गरम असतो. बाटली कुठं आतून गरम असते? थंड बाटलीला दुलई घातली तर ती थंडच राहणार, उलट उन्हात ठेवली तरी तापायची नाही! भौतिकशास्त्राचा पदवीधर मी, आणि मीही वाहवा केली होती. पण चाचांना हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी गप्प बसलो. मनात म्हटलं, ताकद थोडी कमी लागेल एवढंच.

ताकदीची भीती खरं तर मलाच वाटत होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर काय काय बिघडू शकतं त्याची यादी होती. पिस्टन वितळू शकतो, इंजिन फुटू शकतं. ही पानं मी यासीनला वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "ते इंग्रज लोक लय भेतात." रविवारी सकाळी परतवाडा रोडवर चाचणी घ्यायची ठरली. शनिवारी दुपारी त्यानं चावी फिरवून लाल बटण दाबून दाखवलं. बॉनेटखालून झडपेचा "टक" असा आवाज आला. सगळं तयार. मग तो तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजला गेला आणि गाडीपाशी मी एकटा उरलो. त्याची पोरं तेव्हा लहान होती, धाकटी तर पाळण्यातली. मी सीट मागं सरकवून गाडीत बसलो, बटणामागची एक तार उपटली आणि गिअरच्या बाजूच्या मॅटखाली सरकवून दिली. सारं मिनिटभरात झालं. माझे हात इतक्या चपळाईनं एरवी कधी चालत नाहीत.

रविवारी सकाळी धुकं होतं. रस्त्याच्या कडेला हरभऱ्याची शेतं ओली होती. यासीननं डिक्की उघडून बाटलीच्या तोंडाची चावी सोडली, दुलईचे बंद पुन्हा बांधले आणि मला शेजारी बसवलं. मोकळा रस्ता लागल्यावर "बिस्मिल्ला" म्हणून एक्सलेटर तळाला लावला. गाडी थरथरायला लागली. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. टक नाही, उसळी नाही. त्यानं पुन्हा एकदा दाबलं. मग पाय काढला आणि गाडी हळूहळू कडेला थांबवली.

आता हा उतरणार, बॉनेट उघडणार, तार तपासत तपासत मॅटपर्यंत येणार. हा माणूस दुसऱ्याच्या गाडीतून बारीकसा आवाज आला तरी भर रस्त्यात बॉनेट उघडायला लावायचा. पण तो उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला... मग म्हणाला, "थंडी लय हाय, मास्तर. बाटली गार पडली." एवढं बोलून त्यानं गाडी वळवली.

गॅरेजवर आठदहा जण वाट पाहत होते. यासीननं तेच सांगितलं. लोक हसले आणि पांगले. चाचा मात्र डिक्कीपाशी गेले, दुलईवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कापूस कमी पडला, बेटा. माहीच चूक. आता पहिल्यासारखा हात नाई चालत." मला तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आठदहा माणसांत माझी फजिती झाली असती, एवढ्याच भिकार कारणानं मी ते मिटलं. पुढच्या वर्षी चाचा गेले. पिंजण त्यानंतर कुणी खुंटीवरून काढलं नाही. मी अकोल्याला नोकरी धरली. यासीन आणि मी भेटत राहिलो, हसत राहिलो, त्या रविवारबद्दल मात्र दोघांपैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नाही. तो अपयशानं खट्टू झालाय, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात त्याचा चाळिसावा दिवस होता. जेवणाची सतरंजी अंथरायला दारातून मारुती हलवायची होती, म्हणून यासीनच्या बायकोनं, नसीमभाभींनी, माझ्या हाती चावी दिली. ती गाडी अजून होती, घरच्यापुरती चालत होती. मी आत बसलो. लाल बटणाची जागा रिकामी. सहज, अगदी सहज, हात गिअरच्या बाजूला गेला. मॅट नवी घातलेली होती. तिच्याखाली माझी तार होती. मी सरकवली तशी नाही, नीट सरळ करून ठेवलेली, आणि उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. टेपचं शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवलेलं. ही यासीनची सवय. पुन्हा सोडवायची वेळ आली तर नख लावायला जागा हवी, म्हणून तो प्रत्येक टेपचं टोक असं दुमडायचा. तो ती कधीही जोडू शकला असता. मी किती वेळ तसाच बसलो होतो कुणास ठाऊक. मागून लोक ओरडायला लागले तेव्हा गाडी हलवली.

पाहुणे गेल्यावर मी भाभींना सगळं सांगून टाकलं. अडखळत, मागचं पुढं करत. त्या ओढणीच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्याईले मालूम होतं, मास्तर. शनवारीच. नमाजहून आले तं सीट तुमच्या मापानं मागं सरकेल होती. तवाच पायलं त्याईनं."

"शनिवारीच? मग रविवारी गाडी नेली कशाला? जोडली का नाही?"

"ते मी बी इचारलं. म्हणे, मास्तर एवढा भेला हाय तं राहू दे. पर चार लोकाईले सांगून बसलो, नेऊन तं आणा लागन." त्यांनी ओढणीचं टोक सोडलं. "लोकाईले काय सांगावं, हा पेच होता. तुमचं नाव तं घेता येत नोतं, तुमी पोट्ट्याईले शिकवता. मंग रातच्या जेवणावर अब्बाच बोल्ले, माह्या दुलईवर टाका. म्हणे, मास्तरनं काल पोट्ट्याईले सांगतलं ते मी खाली बसून आयकलं, कापसानं थंड चीज थंडच राह्यते. पर मास्तर मले बोल्ला नाई. त्यानं माही इज्जत ठेवली, आता आपून त्याची ठेवू."

भाभी मला पाणी द्यायला उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "कदी सांगू नोको म्हणे मास्तरले. मी आज सांगून टाकलं. वाईट नोका वाटून घेऊ."

पाणी आलं तेव्हा मला ते पिता येईना. कबरस्तानात रडू आलं नव्हतं, गॅरेजच्या बंद शटरपुढे आलं नव्हतं, ते तिथं, त्या सतरंजीवर आलं. यासीनसाठी आलं की चाचांसाठी, हे मला सांगता येणार नाही.