हसण्यावरून मागे

गणिताच्या सरांनी भर वर्गात मला गाढव म्हटलं. मी हसलो.

मग म्हणाले, "मोठा शहाणा आहेस." मी हसलो.

मग माझ्या मेलेल्या बापावर काहीतरी बोलले. तरी हसलो. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघतात ना, तसे साऱ्या वर्गानं माझे दात बघून घेतले.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. कॉलेजात पाणी भरतो, खडू पोचवतो. खडूच द्यायला गेलतो. फळ्यावर फंक्शन उलटं करायचं चाललं होतं. एक पोरगा म्हणाला, "सर, सोपं शे. एक्सना जागे वाय, वायना जागे एक्स. व्हयी गयं."

"दरवेळी उलटतं का?"

सारी पोरं ओरडली, "हो सर!"

तेव्हा सरांना मी दिसलो. अन् वर सांगितलं ते सगळं झालं.

मग सर पोरांना म्हणाले, "याच्यात काहीही टाका, बाहेर हसूच येतं. आता नुसत्या हसण्यावरून मागे जाऊन सांगा, आत काय टाकलं होतं? नाही ना सांगता येत? मग याचं उलटं निघत नाही."

पोरांना चट कळलं. टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या! वाटलं, आपण गणितात गेलो. घरी बायकोला छाती फुगवून सांगितलं.

त्याच वर्गात मागच्या बाकावर माझी पोरगी ज्योती होती. ती जेवली नाही.

"आबा, तू काबरं हासना? त्या काय बी म्हनोत, तू हासस. तुले काय लागनं, ते कोनले समजी? मी मान खाले घाली बठनू."

मीबी ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा वर्ग. सर म्हणाले, "ये गाढवा, कालचं करून दाखव."

दात निघालेच होते. सवय. ओठ दाबून धरले. तोंड असं वाकडंतिकडं झालं, पोरांना वाटलं मी सोंग करतोय.

"सर, गाढव म्हनू नका. मी हासाव नई."

"अरे, गंमत आहे."

"गंमत तुमनी व्हई, मनी नई."

"मग मी उदाहरण कशाचं देऊ?"

"ते मले नई येस. मी कोठे शिकेल शे?"

कोणी हसलं नाही. मीबी नाही.

काम राहील का, माहीत नाही. गणित तर अजून कळलं नाही. पण आता गाढव म्हणेल त्याला एक तोंड दिसेल, माणूस म्हणेल त्याला दुसरं. ज्यानं जे टाकलं, ते त्यानं माझ्या तोंडावर वाचावं.

फुकट दात बघायचे असतील तर सारंगखेड्याला जा. तिथं घोडे आहेत.